डोळ्याचा माग: स्लाव्ह भाषांतला एक शब्द मुळापर्यंत कसा न्यावा

पोलिश माणूस डोळ्याला ‘ओको’ म्हणतो. चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, बल्गेरियन, युक्रेनियन हे सगळेही ‘ओको’च म्हणतात. मॉस्कोतल्या माणसाला विचारलं तर मात्र तो म्हणेल ‘ग्लाझ’. डोळ्यासारख्या रोजच्या शब्दाच्या बाबतीत एकच भाषा घरातून वेगळी का निघाली? जुन्या शब्दाचं तिनं काय केलं? आणि हा ‘ग्लाझ’ आला कुठून?

या लेखात हा एकच शब्द टप्प्याटप्प्यानं तळापर्यंत नेला आहे. पद्धत हाताशी आली की तीच बोट, कपाळ, दात यांनाही लावता येते. त्यांचे धागे शेवटी दिले आहेत. तयारी फार लागत नाही. सिरिलिक लिपी वाचता आली पाहिजे, शाळेतलं संस्कृत थोडं आठवत असलं पाहिजे, आणि शब्द नोंदवायला वही किंवा एक्सेलचा तक्ता हवा. संस्कृतचा इथे शोभेपुरता नव्हे, खरोखर उपयोग होतो. बाल्टिक भाषांच्या (लिथुआनियन, लाटव्हियन) बरोबरीनं स्लाव्ह शब्दांवर प्रकाश टाकणाऱ्या भाषांत ती आहे.

सुरुवातीला उच्चाराची एक खूण. मराठीत ‘च’ दोन प्रकारचा आहे. स्लाव्ह भाषांतही दोन वेगळे ध्वनी आहेत: एक ‘चार’मधल्या तालव्य ‘च’चा, दुसरा ‘चमचा’मधल्या दंत्य ‘च’चा. या लेखात ‘च’ लिहिला आहे तो नेहमी ‘चार’मधला, दुसरा ‘त्स’ असा लिहिला आहे. रशियन शब्द उच्चारापेक्षा लिखाणाला धरून दिले आहेत, कारण माग काढताना लिखाण जास्त बोलतं.

पहिली पायरी: नुसता शब्द नको, सगळी रूपं गोळा करा

तक्त्यात तीन गट पाडा. पूर्वेकडचा गट: रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन. पश्चिमेकडचा: पोलिश, चेक, स्लोव्हाक, आणि जर्मनीच्या पूर्व टोकाला बाउत्झेन व कोटबुस या शहरांच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या दोन सोर्बियन भाषा. दक्षिणेकडचा: स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, मॅसेडोनियन, बल्गेरियन. याशिवाय एक वेगळा रकाना जुन्या चर्च स्लाव्होनिकसाठी ठेवा. सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ ८६३ च्या सुमारास मोराव्हियात धर्मप्रसाराला गेले, त्या कामातून घडलेली ही भाषा. स्लाव्ह भाषांचा सगळ्यात जुना लेखी पुरावा हाच.

कोशात दिलेलं एकवचन उतरवून थांबू नका. प्रत्येक भाषेत एकवचन, अनेकवचन, षष्ठीचं रूप आणि त्या शब्दापासून बनलेले चारपाच शब्द, इतकं हवंच. माझं मत विचाराल तर यातले साधित शब्द सगळ्यात मोलाचे. ते का, हे पुढे कळेल.

आणखी एक गोष्ट इथेच करून टाका. रशियनमध्ये ‘डोळा’ शोधल्यावर ‘ग्लाझ’ मिळतो. मग उलट बाजूनं ‘ओको’ हा शब्द रशियन कोशात आहे का ते पाहा. आहे! पुढे शेरा असतो ‘जुना, काव्यात्म’. म्हणजे रशियनमध्ये शब्द मेलेला नाही, बाजूला सारला गेला आहे. हा शेरा म्हणजे आपला पहिला पुरावा.

बहुमत ‘ओको’च्या बाजूनं आहे म्हणून तो जुना, असं मात्र समजू नका. तो जुना ठरतो कारण तिन्ही गटांत आहे, नवव्या शतकातल्या भाषेच्या हस्तलिखितांत आहे आणि खुद्द वेगळ्या वाटेनं गेलेल्या रशियनमध्येही खाली गाडलेला सापडतो.

दुसरी पायरी: वरचा थर खरवडा

तक्त्यात बेलारूशियनचा ‘वोका’ आणि सोर्बियनचा ‘वोको’ थोडे वेगळे दिसतील. यांच्यातला ‘व’ मूळचा का? बेलारूशियनमध्ये कानाला ‘वुखा’, शरद ऋतूला ‘वोसेन’ म्हणतात, आणि शेजारच्या रशियनमध्ये याच शब्दांच्या सुरुवातीला ‘व’ नसतो. म्हणजे आघात असलेल्या सुरुवातीच्या ‘ओ’, ‘उ’पुढे ‘व’ चिकटवणं ही त्या भाषेची सवय आहे. आपल्याला हे समजावून सांगायला नको. आपणही ओठाला ‘वोठ’ म्हणतो, एकला ‘येक’ म्हणतो, आणि जुन्या मराठी पोथ्यांत ‘वोवी’ असं लिहिलेलंही सापडतं. ‘वोका’च्या शेवटचा ‘आ’ सुद्धा असाच: बेलारूशियन आघात नसलेला ‘ओ’ थेट ‘आ’ लिहिते. रशियनही तो बोलताना ‘आ’कडे झुकवते, पण लिहिताना ‘ओ’च ठेवते.

दोन्ही थर काढले की खाली ‘ओको’ उरतो. याला स्लाव्ह भाषांच्या समाईक पूर्वज-भाषेतलं रूप मानतात. ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून बांधलेलं आहे, म्हणून ग्रंथांत त्याच्या आधी वर तारा काढतात. तारा दिसला की ‘हे अनुमान आहे’ असं वाचायचं.

तिसरी पायरी: अनेकवचनात जुनं व्याकरण शोधा

इथे थोडं रेंगाळायला हवं. ‘ओको’ नपुंसकलिंगी आहे. याच साच्यातल्या शब्दांचं अनेकवचन एरवी ‘-आ’नं होतं. पण डोळ्यांना पोलिशमध्ये ‘ओचि’, चेकमध्ये ‘ओचि’, सर्बियनमध्ये ‘ओचि’, आणि रशियन कवितेतही ‘ओचि’. हा ‘-इ’ अनेकवचनाचा नाहीच. तो द्विवचनाचा आहे. संस्कृत पाठ करताना ज्या द्विवचनानं आपल्याला घाम फोडला, ते जुन्या स्लाव्होनिकमध्ये धडधाकट होतं. बहुतेक भाषांतून ते पुढे गेलं (स्लोव्हेनियन आणि सोर्बियनमध्ये अजून जिवंत आहे), पण जोडीनं असणाऱ्या अवयवांत अडकून राहिलं. वैदिक संस्कृतातलं द्विवचन ‘अक्षी’ आणि स्लाव्ह ‘ओचि’ शेजारी लिहा. शेवटचा दीर्घ ‘ई’ दोन्हीकडे एकाच मूळचा.

चेकमध्ये याची गंमत पाहण्यासारखी आहे. ‘निळ्या डोळ्यांनी’ म्हणताना ‘मोद्रीमा ओचिमा’ म्हणावं लागतं: नाम तर नामच, विशेषणही द्विवचनाचा प्रत्यय घेऊन येतं. पोलिशमध्ये ‘डोळ्यांचा’ म्हणजे ‘ओचु’, हेही जुनं द्विवचन. पण याच दोन भाषांत ‘ओका’ असं नेहमीचं अनेकवचनही आहे, आणि ते जाळ्याच्या फासांसाठी किंवा सूपवर तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबांसाठी वापरतात. खरे डोळे दोनच असतात, त्यांना द्विवचन टिकलं. सूपवरचे डोळे कितीही असतात, त्यांना अनेकवचन मिळालं.

षष्ठीकडेही पाहा. जुन्या स्लाव्होनिकमध्ये ‘ओचेसे’, स्लोव्हेनियनमध्ये आजही ‘ओचेसा’. मधला ‘स’ कुठला? तो आकाशाच्या शब्दाच्या साच्यातला: ‘नेबो’, षष्ठी ‘नेबेसे’. संस्कृतात ‘नभस्’, षष्ठी ‘नभसः’. नेबो आणि नभ हे सख्खे नातेवाईक, आणि तिथला ‘स’ खराच जुना. डोळ्याच्या शब्दानं तो साचा नंतर उचलला. त्यामुळे ‘स’ हा ‘ओको’च्या मुळाचा भाग धरू नका.

चौथी पायरी: ‘क’चा ‘च’ का झाला ते ठरवा

ओको, पण ओचि. पूर्वज-स्लाव्ह भाषेत ‘क’पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की ‘क’ तालव्य होऊन ‘च’ बनत असे. संस्कृतातही असाच बदल, स्वतंत्रपणे आणि कितीतरी आधी, होऊन गेला होता. त्याचे अवशेष मराठीत रोज वापरतो: वाक् आणि वचन, पाक आणि पचन. म्हणून ‘ओको’ आणि ‘ओचि’ यांची जोडी पाहून गोंधळायचं कारण नाही. नियम खरा की खोटा हे तपासायला दुसरा अवयव घ्या: रशियनमध्ये हात ‘रुका’, छोटा हात ‘रुच्का’, पोलिशमध्ये ‘रेंका’ आणि ‘रोंच्का’. पुन्हा ‘क’ आणि ‘च’ (‘च’पुढचा जुना ऱ्हस्व ‘इ’ नंतर गळून गेला). एका उदाहरणावर नियम कधीही मानू नये.

पाचवी पायरी: घराबाहेर पडा

आता शेजारच्या आणि दूरच्या नातेवाइकांकडे जायचं. लिथुआनियन ‘आकिस’, लॅटिन ‘ओकुलुस’, आर्मेनियन ‘आक्न’, संस्कृत ‘अक्षि’. ग्रीकमध्ये याच धातूपासून ‘ऑप्सिस’, दृष्टी. ऑप्टिशियनच्या पाटीवरचा ‘ऑप्’ तोच. ग्रीकनं ‘क’चा ‘प’ केला, कारण मूळचा ध्वनी साधा ‘क’ नव्हता, ओठ गोल करून उच्चारलेला ‘क्व’ होता, आणि ग्रीकमध्ये त्याचा काही ठिकाणी नियमानं ‘प’ होतो.

‘ओ’ आणि ‘अ’चा फरक आड येऊ देऊ नका. इंडो-इराणी शाखेत (संस्कृत, फारसी वगैरे) मूळचे अ, ए, ओ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर साधारणपणे ‘अ’त मिसळले. पडताळा हवा तर मेंढी घ्या: स्लाव्ह ‘ओव्त्सा’, संस्कृत ‘अवि’.

या पायरीवर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सापडते. संस्कृतात ‘अक्षि’ म्हणजे डोळा आणि ‘अक्ष’ म्हणजे चाकाचा कणा, दोन्हींत ‘क्ष’. भूगोलात आपण ‘पृथ्वीचा आस’ म्हणतो तो आस याच अक्षाचा मराठी अवतार. फक्त संस्कृत पाहणाऱ्याला वाटेल, दोन्हींचं मूळ एकच असावं. स्लाव्ह भाषांना विचारा: डोळा ‘ओको’, पण कणा रशियनमध्ये ‘ओस’, पोलिशमध्ये ‘ओश’. एकात ‘क’, दुसऱ्यात ‘स’. लिथुआनियनमध्येही डोळा ‘आकिस’, कणा ‘आशिस’. या सगळ्यांच्या समाईक मूळ भाषेतले दोन निरनिराळे ‘क’ संस्कृतात ‘क्ष’ होऊन एकसारखे दिसू लागले. स्लाव्ह आणि बाल्टिक भाषांनी ते वेगळे ठेवले. तुलना नेहमी संस्कृतकडून इतरांकडे उपकार म्हणून जाते, असा आपल्याकडे एक समज आहे. इथे उलटं झालं.

नियमात न बसणारा नातेवाईकही भेटेल. गॉथिक (जर्मनच्या कुळातली एक जुनी भाषा) ‘आउगो’, जर्मन ‘आउगं’, इंग्रजी ‘आय’. मधला ‘उ’ हिशेबात बसत नाही. कानाच्या शब्दात तो ‘उ’ मुळचा आहे आणि डोळा-कान नेहमी जोडीनं बोलले जातात, म्हणून तो तिथून सरकला असावा, असं स्पष्टीकरण देतात. अपवाद दिसला की तो वहीत ठळक लिहा आणि त्याला कारण आहे का ते शोधा. लपवलेला अपवाद सगळा तर्क पोकळ करतो.

सहावी पायरी: हटवलेला शब्द कुठे लपला ते पाहा

रशियन बोलण्यातून ‘ओको’ गेला, पण भाषेतून गेला नाही. चष्म्याला रशियन लोक ‘ओच्कि’ म्हणतात. खिडकी ‘ओक्नो’, म्हणजे घराचा डोळा; आपल्या ‘गवाक्ष’ शब्दात हाच विचार आहे, गायीच्या किंवा बैलाच्या डोळ्यासारखं भोक. जुन्या नॉर्स भाषेत खिडकीला ‘वाऱ्याचा डोळा’ म्हणत, त्यातून इंग्रजी ‘विंडो’ आला. तीन शाखांत तीनदा तीच कल्पना सुचली.

पण खरा ऐवज कचेरीत आणि कोर्टात आहे. ‘ओचेविदेत्स’ म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. ‘ओच्नाया स्ताव्का’ म्हणजे तपासात दोघांना समोरासमोर आणून केलेली चौकशी. ‘झाओच्नो’ म्हणजे डोळ्यांआड: आरोपीच्या गैरहजेरीत दिलेला निकाल ‘झाओच्नी’, आणि घरी बसून टपालानं घेतलेलं शिक्षणही ‘झाओच्नोये’. ‘वोओचियु’ म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी. यात तर सप्तमीचं द्विवचन जसंच्या तसं गोठलेलं आहे, आणि रोज तो शब्द वापरणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

आता मराठीकडे वळून पाहा. आपणही हेच केलं आहे. हिंदी-गुजरातीनं ‘अक्षि’चा वारस ‘आंख’ ठेवला. मराठीनं तो सोडून ‘डोळा’ घेतला, कोंकणीत ‘दोळो’. आणि हटवलेला ‘अक्षि’ कुठे आहे? साक्ष, साक्षीदार, प्रत्यक्ष, समक्ष, परोक्ष. ‘झाओच्नो’ आणि ‘परोक्ष’ यांची बांधणीसुद्धा एकाच विचाराची: डोळ्यांच्या पलीकडे. रशियनला हे शब्द जपायला चर्च स्लाव्होनिकनं मदत केली. शतकानुशतकं धर्माची आणि लेखनाची भारदस्त भाषा तीच होती. आपल्याकडे ते काम संस्कृतनं केलं. लोकांच्या तोंडचा शब्द बदलतो तेव्हा पोथी आणि कचेरी जुना शब्द धरून बसतात. म्हणून माग काढताना कायद्याची, धर्माची आणि शिक्षणाची शब्दसंपत्ती आधी चाळा. त्यानंतर गोठलेले वाक्प्रचार: रशियनमध्ये ‘क्षणार्धात’साठी ‘व मग्नोवेनिये ओका’ म्हणतात, डोळ्याच्या उघडझापीत. तिथे ‘ग्लाझ’ घालून चालत नाही.

पोलिशमध्येही ‘झाओच्नी’ आहे, अर्थही तोच. फरक असा की पोलिश मुलाला त्यातला डोळा दिसतो, रशियन मुलाला शिकवावा लागतो.

चष्म्याच्या बाबतीत एक छोटी फेरी मारून येऊ. बल्गेरियनचा ‘ओचिला’ आणि स्लोव्हेनियनचा ‘ओचाला’ घरचे. पोलिशचा ‘ओकुलारी’ आणि युक्रेनियनचा ‘ओकुल्यारी’ मात्र लॅटिन ‘ओकुलुस’कडून आलेले. मूळ एकच, पण घरचा वारसा नव्हे, बाहेरून परत आलेला उसना माल. चेकचा ‘ब्रीले’ जर्मनमधून आला आणि त्याचं मूळ वैडूर्यासारख्या ‘बेरिल’ या खड्याच्या नावात आहे. आपल्या ‘चष्मा’चं मूळ फारसी ‘चश्म’, तोही डोळाच. तक्त्यात प्रत्येक शब्दापुढे ‘वारसा’ की ‘उसना’ हे लिहायची सवय इथेच लावून घ्या.

सातवी पायरी: नव्या शब्दाचं चरित्र लिहा

आता ‘ग्लाझ’. आधी शेजाऱ्यांना विचारा: पोलिशमध्ये ‘ग्वाझ’ म्हणून शब्द आहे, अर्थ मोठा दगड, शिळा. डोळ्याशी संबंध काय? उत्तरासाठी जुन्या बखरींकडे जावं लागतं.

इपात्येव प्रत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या रशियन बखरीत १११४ सालच्या नोंदीत लादोगा या गावची हकीकत आहे. त्या वर्षी तिथे दगडी कोट बांधायला घेतला होता. बखरकार सांगतो: मी लादोग्याला आलो तेव्हा गावकरी म्हणाले, मोठा ढग येऊन गेला की आमच्या पोरांना इथे काचेचे ‘ग्लाझ्कि’ सापडतात, लहान-मोठे, भोक पाडलेले, काही वोल्खोव्ह नदीचं पाणी धुऊन बाहेर काढतं. त्यानं स्वतः त्यातले शंभराहून जास्त घेतले. भोक पाडलेले काचेचे गोळे म्हणजे मणी, दुसरं काय? लादोगा हे वायकिंग काळातलं व्यापारी ठाणं. उत्खननात तिथे आजही काचेचे मणी भरपूर निघतात. पाऊस माती धुऊन नेई आणि मणी वर येत. पोरांना वाटे, आभाळातून पडले.

म्हणजे बाराव्या शतकात ‘ग्लाझोक’ हा गोल, गुळगुळीत मणी. इथे एक पथ्य पाळा: नोंदीचं साल आणि प्रतीचं वय वेगळं असतं. इपात्येव प्रत पंधराव्या शतकातली नक्कल आहे. मजकूर जुना, कागद नवा. डोळा या अर्थानं ‘ग्लाझ’ लिखाणात रुळलेला दिसतो तो साधारण सोळाव्या शतकापासून. मधल्या काळात बोलणाऱ्यांनी डोळ्याला थट्टेनं ‘गोटी’ म्हटलं, आणि थट्टा चलनी नाणं झाली.

हे नुसतं कल्पनेनं रचलेलं नाही, कारण रशियन बोलीत तीच थट्टा पुन्हा झालेली दिसते: डोळ्यांना ‘शारि’, म्हणजे गोळे, असं गावठी भाषेत म्हणतात. दूरच्या भाषांतही हा रस्ता मळलेला आहे. लॅटिनमधला ‘टेस्टा’, मातीचं भांडं किंवा खापरी, फ्रेंचमध्ये ‘तेत’ होऊन चक्क डोकं झाला. अर्थबदल सांगताना असा समांतर पुरावा मिळाला नाही तर दावा सैल ठेवा.

रुद्राक्षाची वाट नेमकी उलटी गेली आहे: तिथे ‘अक्ष’ म्हणजे डोळा आणि त्यावरून मण्याचं नाव पडलं. मण्यावरून डोळा की डोळ्यावरून मणी, हे दिसण्यावरून ठरवता येत नाही. तारीख लावलेला मजकूरच लागतो.

आठवी पायरी: सापळे

रशियन ‘ग्लाझ’ उच्चारताना शेवटी ‘ग्लास’ ऐकू येतो, कारण शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन अघोष होतं. जर्मन ‘ग्लास’ म्हणजे काच, आणि बखरीतले मणीही काचेचे! जोडून टाकायचा मोह होतो. पण पोलिशमधला दगड आड येतो. काचेवरून शिळेचा अर्थ निघणं अवघड, गोल गुळगुळीत दगडावरून मणी निघणं सोपं. त्यातून बखरकार ‘काचेचे ग्लाझ्कि’ म्हणतो. शब्दातच काच असती तर वेगळं सांगायची गरज नव्हती.

सर्बियनमध्ये ‘ग्लास’ म्हणजे आवाज. तो रशियन ‘गोलोस’चा भाऊ, डोळ्याशी त्याचा संबंध नाही. रशियन ‘ओचेरेद’, म्हणजे रांग, दिसायला ‘ओचि’सारखा, पण तो ‘पाळी’ या अर्थाच्या ‘चेरेद’पासून. चुलीचा ‘ओचाग’ तर तुर्की वळणाच्या भाषांतून आलेला. सुरुवातीची दोन अक्षरं जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. आधुनिक ग्रीकमध्ये डोळा ‘माति’ आणि मलय भाषेत ‘माता’. दोघांचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग.

नववी पायरी: कोश कसा वाचायचा

आपण एवढं खणल्यावर मगच व्युत्पत्तिकोश उघडावा, आधी नाही. आधी उघडला की त्याचं उत्तर पाठ होतं आणि पुरावा दिसत नाही.

रशियनसाठी माक्स फास्मरचा कोश हा पाया. सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेला हा जर्मन पंडित. १९४४ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बफेकीत त्याचं ग्रंथालय आणि जमवलेली सामग्री जळाली, आणि त्यानंतरही त्यानं १९५० ते १९५८ मध्ये हायडेलबर्गहून कोश प्रसिद्ध केला. रशियन अनुवाद ओलेग त्रुबाचोवनं भर घालून चार खंडांत केला. सिरिलिक वाचणाऱ्याला तोच सोयीचा. त्याच त्रुबाचोवच्या संपादनाखाली १९७४ पासून मॉस्कोतून समाईक स्लाव्ह शब्दांचा मोठा कोश निघू लागला. त्यात शब्द पुनर्रचित रूपाखाली शोधावा लागतो, म्हणून दुसरी पायरी नीट केलेली असावी. इंग्रजी चालत असेल तर रिक डेर्कसनचा २००८ चा कोश आटोपशीर आहे.

नोंदीतल्या छोट्या शब्दांकडे लक्ष द्या. ‘रोद्स्त्वेन्नो’ म्हणजे नातं आहे असा दावा. ‘झाइम्स्त्व.’ म्हणजे उसना. ‘स्र.’ म्हणजे फक्त ‘ताडून पाहा’. यात नात्याचा दावा नाही, आणि नवशिके हमखास इथेच घसरतात. ‘नेयास्नो’ म्हणजे अस्पष्ट. कोशकार अस्पष्ट म्हणत असताना आपण ठाम बोलू नये. शब्दाचा वापर तपासायला रशियन भाषेचा राष्ट्रीय भाषासंग्रह इंटरनेटवर मोफत आहे. त्यात ‘ओचि’ टाकून पाहा, कवितेच्या ओळी किती येतात ते लगेच दिसेल.

आता तुमची पाळी

कपाळापासून सुरू करा, सोपं आहे. चेकमध्ये ‘चेलो’, पोलिशमध्ये ‘चोवो’, रशियनमध्ये ‘लोब’. पोलिशचा ‘वेब’ (जनावराचं डोकं) आणि चेकचा ‘लेब्का’ (कवटी) ‘लोब’शेजारी ठेवा, म्हणजे नव्या शब्दाचा मूळ अर्थ दिसेल. मग मॉस्कोच्या जुन्या दरबारातल्या अर्जाला काय म्हणत ते शोधा: ‘चेलोबित्नाया’, जमिनीला कपाळ टेकवून केलेली विनंती. सहावी पायरी इथे तंतोतंत लागू पडते.

बोट जरा फसवं आहे. चेक, स्लोव्हेनियन, सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये बोट ‘प्र्स्त’ किंवा तसाच काही, आणि ‘पालेत्स’ किंवा ‘पालात्स’ म्हणजे फक्त अंगठा. रशियन, युक्रेनियन आणि पोलिशमध्ये ‘पालेत्स’ कोणतंही बोट. इथे एकटी रशियन नाही, उत्तरेकडचा सलग पट्टा बदलला आहे. जुना शब्द अंगठी, अंगुस्तान आणि हातमोज्यात लपला आहे: रशियन ‘पेर्स्तेन’, ‘नाप्योर्स्तोक’, ‘पेर्चात्का’. अंगठ्याचं नाव सगळ्या बोटांना लागलं की सगळ्या बोटांचं नाव आक्रसून अंगठ्यापुरतं उरलं, हे लिथुआनियन ‘पिर्श्तास’चा अर्थ पाहून ठरवा.

तोंडाचा जुना शब्द ‘उस्ता’ आहे, रशियनमध्ये त्याची जागा ‘रोत’नं घेतली. ‘उस्ता’शेजारी संस्कृत ‘ओष्ठ’ लिहा, खाली मराठी ‘ओठ’. मग ‘रोत’चे नातेवाईक शोधा, क्रोएशियन नकाशावर ‘र्त’ नावाची समुद्रात घुसलेली भूशिरं दिसतील, आणि चेकमध्ये ‘रेत’ म्हणजे ओठ.

दात शेवटी घ्या, कारण तिथे एकही भाषा वेगळी पडलेली नाही आणि पहिल्या पायरीवर काहीच खटकत नाही. सगळीकडे ‘झुब’, ‘झोंब’, ‘झोब’ असंच. खटकतं ते पाचव्या पायरीवर: संस्कृत ‘दन्त’, लॅटिन ‘देन्स’, आणि सख्ख्या शेजारी लिथुआनियनमध्ये ‘दांतिस’. स्लाव्ह लोकांचा ‘दन्त’ गेला कुठे? ‘झुब’ हा वैदिक ‘जम्भ’चा नातेवाईक, ग्रीकमध्ये त्याच मूळचा ‘गोम्फोस’ म्हणजे खुंटी, इंग्रजीत ‘कोम’ म्हणजे फणी. म्हणजे बदल आजच्या स्लाव्ह भाषा वेगळ्या होण्याच्या आधीच होऊन गेला, आणि कुठल्याही बखरीत त्याची नोंद मिळणार नाही. अशा वेळी शेजारच्या अवयवाकडे जा. हिरडीला रशियनमध्ये ‘देस्ना’, चेकमध्ये ‘दासेन’, पोलिशमध्ये ‘जोंस्वो’ म्हणतात. पोलिशमधला तो अनुनासिक ‘ओं’ सांगतो की ‘स’च्या आधी कधीकाळी ‘न’ होता. ‘न’ परत घाला, त्यामागे गळालेला ‘त’ घाला. बहुतेक अभ्यासक इथे जुना ‘दन्त’च वाचतात.